तिकिटाची वसुली

गेल्या जूनमध्ये आम्ही उभयता स्वित्झर्लंडला गेलो होतो. ल्युसर्नहून युंगफ्राउयोखला जाणारी एक दिवसाची सहल मार्गदर्शकासह आधीच आरक्षित केली होती. तिकीट महाग, शिवाय रद्द केल्यास परतावा नाही. बँकेत हयात घालवलेल्या माणसाच्या मनात अशा वेळी एकच हिशेब असतो : दिलेल्या पैशाची पुरेपूर वसुली झाली पाहिजे.

युंगफ्राउयोख हे युरोपातील सर्वांत उंच रेल्वे स्थानक. उंची ३,४५४ मीटर. अडोल्फ ग्वायर-झेलर या उद्योजकाला या रेल्वेची कल्पना १८९३ साली सुचली. १८९६ मध्ये काम सुरू झाले. आयगर आणि म्योंख या पर्वतांच्या पोटातून सुमारे सात किलोमीटरचा बोगदा खोदण्यात आला आणि १ ऑगस्ट १९१२ रोजी हे स्थानक खुले झाले. ग्वायर-झेलर मात्र १८९९ मध्येच निवर्तले होते.

गाडीतून उतरून शंभर पावले चाललो असू, तोच सौभाग्यवतींना चक्कर आली. श्वास लागला, ओठ कोरडे पडले. इतक्या उंचीवर हवा विरळ असते; समुद्रसपाटीच्या मानाने प्राणवायू सुमारे दोन-तृतीयांशच मिळतो. त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे, हे मला ठाऊक होते. तरी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारण्याचे मी टाळले होते. मार्गदर्शक म्हणाला, "वीस मिनिटे बसवा. बरे वाटले नाही, तर पहिल्या गाडीने खाली न्या."

"तुम्ही पाहून या, एवढे पैसे भरलेत. मी बसते इथे," त्या म्हणाल्या. आणि सांगायला संकोच वाटतो, पण मी खरोखरच गेलो. वरच्या सज्जाकडे नेणाऱ्या उद्वाहनाच्या रांगेत उभा राहिलो. तेथून आल्प्समधील सर्वांत लांब हिमनदी, आलेच, दिसते.

रांगेत मला माझेच शब्द आठवले. बुडत्या धंद्यात आणखी भांडवल ओतू पाहणाऱ्या खातेदारांना मी सांगत असे, "गेलेला पैसा गेला. निर्णय उरलेल्या पैशाचा करा." येथे तिकिटाचा पैसा केव्हाच खर्ची पडला होता. मी सज्जावर गेलो काय, न गेलो काय, तो परत येणार नव्हता. शिल्लक होती ती बाकावर बसली होती.

मी मागे फिरलो. पुढच्या गाडीने आम्ही २,०६१ मीटरवरील क्लाइने शायडेक येथे उतरलो. तासाभरात त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. डब्यातले खाकरे काढले. समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तिन्ही शिखरे ओळीने उभी होती. तेव्हा ध्यानात आले, की 'योख' म्हणजे खिंड. युंगफ्राउचे शिखर ४,१५८ मीटरवर आहे. रेल्वेने येणारे सगळेच प्रवासी शिखराच्या खालीच थांबतात. आम्ही थोडे अलीकडे थांबलो, एवढेच.

"रागावलात?" त्यांनी विचारले. "स्वतःवर," मी म्हणालो.

घरातील वडीलधाऱ्यांना अशा सहलीला नेणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा, वर सावकाश चालावे, पाणी पीत राहावे. आणि मध्येच परतावे लागले, तर तिकिटाकडे पाहू नये. सोबतच्या माणसाकडे पाहावे.