अग्निशमन केंद्र हिरवं, पण फोमचं काय?

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. चर्चा टर्मिनलची झाली. अग्निशमन केंद्राकडे कोण बघतो? ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला विमान घसरलं, तेव्हा कोरोनाची भीती बाजूला ठेवून आसपासचे लोक धावले. पण दरवेळी शेजाऱ्यांवर भिस्त ठेवता येत नाही.

नियम साफ आहे: धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला बंब तीन मिनिटांत पोहोचला पाहिजे. म्हणून इमारत कितीही ‘ग्रीन’ असली, तरी जागा आधी, बाकी नंतर.

केंद्र चोवीस तास जागं असतं, त्यामुळे छतावर सोलर लावणं फायद्याचंच. बंबाची चाचणी साध्या पाण्यानं होते, ते पाणी साठवून परत वापरता येतं.

खरी मेख फोममध्ये आहे. जुन्या फोममधली पीफास रसायनं सहजासहजी नष्ट होत नाहीत. ब्रिटनजवळच्या जर्सी बेटावर विमानतळाच्या सराव मैदानातून ती लोकांच्या विहिरींत उतरली. त्यातल्या पीएफओएसवर २००९ मध्ये स्टॉकहोम कराराखाली निर्बंध आले. हीथ्रो, कोपनहेगननं फ्लोरीनमुक्त फोम स्वीकारला. मात्र नुसता फोम बदलून भागत नाही. बंबाच्या टाक्या, पाइपही धुवावे लागतात आणि ते पाणी वेगळं साठवावं लागतं.

नवी मुंबईच्या विमानतळाला लागून खाडी आहे, तिच्यावर कोळ्यांची चूल पेटते. तेव्हा सोलर पॅनल मोजण्याआधी एवढंच विचारा: बंबात कोणता फोम आहे, आणि सरावाचं पाणी जातं कुठे?