प्रचारपट आणि सत्य

प्रचारपट म्हटला की सुशिक्षित मनुष्य नाक मुरडतो. आणि चित्रपट आपल्या पक्षाचा असला की तोच मनुष्य त्यातील अक्षर न् अक्षर खरे मानतो. या दोन्ही वृत्ती आम्हांस सारख्याच घातक वाटतात. या बाबतीत 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा १९४६ सालचा चित्रपट विचार करण्याजोगा आहे.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली राष्ट्रसभेने चीनला धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले. जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांची शुश्रूषा करीत ते तेथेच राहिले, तेथेच विवाहबद्ध झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, निवर्तले. डाव्या विचारांचे लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले. त्यावरून व्ही. शांताराम यांनी मुंबईच्या राजकमल कलामंदिरातर्फे हा चित्रपट काढला व नायकाची भूमिका स्वतः केली.

त्या युद्धकाळी कच्ची फिल्म सरकारी परवान्याविना मिळत नसे आणि निर्मात्यांनी युद्धास पोषक चित्रपट काढावेत, असा सरकारचा आग्रह असे. सरकारला जपानविरुद्ध प्रचार हवा होता. शांतारामांनी तो केला. परंतु नायक निवडला तो राष्ट्रसभेचा दूत! ज्यांची मते एकमेकांशी जुळत नव्हती, अशांच्या हेतूंतून एका सेवाव्रती तरुणाची कथा घरोघर पोहोचली.

तथापि प्रचाराची खोडही येथे दिसते. चित्रपटात प्लेगाच्या साथीचे रोमांचक कथानक विणले आहे. प्रत्यक्षात डॉक्टरांचा अंत अपस्माराच्या झटक्यांनी झाला. त्यांचा त्याग एवढा मोठा होता की त्यास अशा अलंकारांची गरज नव्हती.

पुढे १९६२ साली भारत व चीन यांच्यात युद्ध झाले. तरीही १९८२ साली चीननेही कोटणीसांवर चित्रपट काढला, आणि शिच्याच्वांग येथील त्यांची समाधी आजही जपली जाते. राजकारण्यांचे तह मोडले, तरी एका वैद्याची सेवा विसरली गेली नाही.

विद्यार्थिमित्रहो, आज तुमच्या हातातील मोबाईलवर दिवसातून कित्येक प्रचारपट येतात. ते डोळे मिटून टाळू नका, आणि डोळे मिटून मानूही नका. हा कोणी काढला, कोणासाठी काढला, यात काय गाळले, आणि हा पाहून मनात सेवेची इच्छा जागते की शेजाऱ्याविषयी द्वेष, एवढे चार प्रश्न विचारा. पालकांनीही मुलांसोबत बसून ते विचारावेत, ही विनंती. विरुद्ध पक्षाच्या कलाकृतीतील चांगले उचलणे आणि स्वपक्षाच्या कलाकृतीतील खोटे दाखविणे, हीच खरी सुशिक्षितपणाची खूण होय.