बागेचे आरक्षण आणि कलम १२७

कर्जत, खोपोली आणि माथेरान या नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये पार पडल्या. नव्या नगरसेवकांपुढे पाणी, रस्ते, गटारे हे प्रश्न उभे आहेतच. परंतु एक प्रश्न असा आहे की, तो सभागृहात न येताच निकालात निघू शकतो. शहराच्या विकास योजनेत बाग वा क्रीडांगण म्हणून राखलेली जमीन जनतेच्या हातून जाण्यासाठी कोणाला ठराव मांडावा लागत नाही, मतदानही घ्यावे लागत नाही. नगरपरिषदेने स्वस्थ बसणे तेवढे पुरेसे असते.

ही सोय महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ ने करून ठेवली आहे. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालकाला नोटीस देता येते. नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण आपोआप संपुष्टात येते. ही मुदत २०१५ च्या दुरुस्तीने वाढवून मिळालेली आहे. या काळात नुसता प्रस्ताव वर पाठवून भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स खटल्यात २००७ मध्येच स्पष्ट केले आहे.

मालकाची बाजू खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. एखाद्या लहान शेतकऱ्याची जमीन नकाशावर हिरवी रंगवायची, त्याला ना पैसा द्यायचा ना ती वापरू द्यायची, हा अन्यायच होय. परंतु या अन्यायाचे परिमार्जन कायदा कोणाच्या खर्चाने करतो? ज्याने मोबदला थकवला त्या शासनाच्या नव्हे, तर ज्या मुलांना ते मैदान मिळायचे होते त्यांच्या खर्चाने!

यामागील अर्थशास्त्र सरळ आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे हा विषय नगरपालिकांसाठी नमूद आहे. कर्तव्य सोपवले, पण त्याबरोबर पैसा सोपवला नाही. नगरपरिषदांचे हुकमी उत्पन्न असलेली जकात १९९९ मध्ये गेली आणि त्या शासकीय अनुदानाकडे डोळे लावून बसल्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरी भागात मोबदला बाजारमूल्याच्या सुमारे दुप्पट झाला. तो रास्त आहे, पण लहान नगरपरिषदेने तो आणावा कोठून? त्यातच पनवेल-कर्जत हा २९.६ किलोमीटरचा नवा उपनगरी रेल्वेमार्ग मोहोपे, चौक या गावांवरून जातो, आणि पनवेलजवळच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. सार्वजनिक पैशाने जमिनीचे भाव चढतात, आणि त्या चढलेल्या भावामुळेच सार्वजनिक संस्थेला बागेपुरती जमीन परवडत नाही! वाढीव मूल्य खासगी खिशात आणि तूट नगरपरिषदेच्या माथी, असा हा हिशेब आहे.

नियमातील किरकोळ भासणारा बदल किती महाग पडतो, हे मुंबईच्या गिरणगावाने पाहिले आहे. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनींच्या पुनर्विकासात एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला आणि एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला मिळायची होती. २००१ च्या बदलाने हा हिशेब केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल ग्राह्य धरला, आणि कामगारांच्या वस्तीला मिळू शकणाऱ्या बागा कागदावरच विरल्या.

म्हणून कलम १२७ आहे त्या रूपात राहू देण्यास आमचा विरोध आहे. बाग व क्रीडांगणाच्या आरक्षणाबाबत मालकाची नोटीस येताच मोबदल्याची जबाबदारी राज्य शासनावर यावी आणि ती मुदतीत पार पाडण्याचे बंधन असावे. त्यासाठी स्वतंत्र निधी उभारावा व त्यात विकास शुल्काचा आणि जमीन व्यवहारांवरील मुद्रांक शुल्काचा ठरावीक हिस्सा जमा व्हावा. आलेली प्रत्येक नोटीस नगरपरिषदेने जाहीर फलकावर लावावी. मालकाला पैसा आणि गावाला बाग, दोन्ही मिळू शकतात. अडचण इच्छाशक्तीची आहे.

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांना थांबण्याचे कारण नाही. कर्जत, खोपोली व खालापूर येथील साथींनी माहिती अधिकारात आरक्षणांची यादी मागवावी. कोणते आरक्षण किती वर्षांचे झाले आणि कोणत्या जमिनीवर नोटीस आली आहे, याचा तक्ता करून तो प्रत्येक वॉर्डात वाचून दाखवावा. माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षपद सांभाळलेल्या आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेल्या भाई कोतवालांनी याच तालुक्यात धान्यकोठ्या उभारून गरिबांना सावकाराच्या दारातून सोडवले होते. सर्वांच्या गरजेची वस्तू सर्वांच्या मालकीची असावी, हीच त्यामागची दृष्टी होती. ज्याच्या घराला अंगण नाही, त्याचे अंगण म्हणजे सार्वजनिक बाग. ते राखायचे तर चोवीस महिन्यांचे घड्याळ आपण आजपासूनच मोजायला लागले पाहिजे.