नट थोर, संहिता थिटी

‘नटसम्राट’ हा चित्रपट १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याचा विषय निघाला की आपल्या मंडळींत आजही एकच वाक्य ऐकू येते : ‘काही म्हणा, नानाने कमाल केली!’ वाक्य खरे आहे. आमची तक्रार आहे ती ‘काही म्हणा’ या दोन शब्दांविषयी. कारण जे म्हणायला हवे, ते नेमके या दोन शब्दांखाली दडपले जाते.

नाना पाटेकरांचा गणपतराव बेलवलकर असामान्य आहे, याविषयी वाद नाही. आवाजातील खरखर, क्षणात उसळून क्षणात विझणारा संताप, रंगभूमीवरून उतरल्यावरही अंगातून न गेलेला राजेपणा, हे सारे त्यांनी जिवंत केले. परंतु या चित्रपटातून नानांना वजा केले, तर हाती काय उरते?

हा प्रश्न मूळ नाटकाला विचारून पाहावा. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली डॉ. श्रीराम लागूंच्या भूमिकेने रंगभूमीवर आले आणि १९७४ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ती भूमिका केली. प्रत्येकाचा बेलवलकर वेगळा होता. नट बदलले, नाटक उभेच राहिले. चांगल्या संहितेची याहून दुसरी कसोटी कोणती?

चित्रपटाची पटकथा या कसोटीला उतरत नाही. नाटकाला स्थळकाळाच्या मर्यादा असतात. कॅमेऱ्याला त्या नसतात. अडीच तासांहून अधिक अवधी हाती असताना मुलगा, सून, मुलगी आणि जावई यांना माणूसपण देणे सहज शक्य होते. हट्टी, तोंडाळ, मद्याची आवड असलेल्या वृद्धाबरोबर एका घरात राहणे कठीण असते, ही त्यांची बाजू होती. ती मांडली न गेल्यामुळे दोन न्याय्य बाजूंतील संघर्ष संपला आणि कृतघ्न मुलांविरुद्धचे गाऱ्हाणे तेवढे शिल्लक राहिले. शेक्सपिअरच्या लिअर राजाची शोकांतिका त्याच्या स्वतःच्या चुकीतून उगवते. येथे ती चूक अश्रूंत वाहून जाते.

रामभाऊ या नव्या पात्राचेही तेच. रुग्णशय्येवरील विक्रम गोखले आणि नाना यांचा प्रसंग अभिनयाचा वस्तुपाठ आहे. पण तो कथेला पुढे नेत नाही. दोन थोर नट समोरासमोर आणण्याची ती सोय आहे, आणि प्रसंगातले नाट्यही कर्णाच्या कथेतून उसने घेतलेले आहे. शिरवाडकरांच्या स्वगतांशेजारी नवे संवाद बसवले, तेथे सांधा स्पष्ट दिसतो. जेथे शब्द अपुरे पडतात, तेथे पार्श्वसंगीत रडण्याची आज्ञा देते.

‘प्रेक्षक रडले, चित्रपट तुफान चालला, आणखी काय हवे?’ असे कोणी म्हणेल. प्रेक्षक नानांसाठी रडले. त्या अश्रूंचे श्रेय पटकथेच्या खात्यावर जमा करणे हा नटावरही अन्याय आहे. संहितेने वाहायचा भार त्याला एकट्याला वाहावा लागला.

बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपणा मराठीजनांना ही चर्चा परकी वाटू नये. आपल्याकडे मराठी शाळा ओस पडत असताना नव्या पिढीच्या कानांवर घडीव मराठी पडते ती बहुधा नाटक-चित्रपटांतूनच. ती भाषा लेखक घडवतो, नट ती उच्चारतो. तरीही आपल्या मंडळांत आधी नट ठरतो, मग त्याला साजेसे नाटक शोधले जाते, आणि नवे लिहिणाऱ्याला तर कोणी विचारतही नाही. यापुढे चित्रपट पाहून बाहेर पडताना ‘काम कोणी केले?’ याआधी ‘लिहिले कोणी आणि कसे?’ हे विचारावे. बेलवलकरांच्या तोंडी शब्द नसते, तर नटसम्राट झाला असता कोण?