कढयांच्या खाडीचा जमाखर्च

दक्षिण अटलांटिक महासागरात, फॉकलंड बेटांच्या पूर्वेस सुमारे 1,400 किलोमीटर अंतरावर साउथ जॉर्जिया नावाचे हिमाच्छादित बेट आहे. तेथे मूळचा एकही वृक्ष नाही आणि मूळची मनुष्यवस्तीही नव्हती. बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर कंबरलँड उपसागर आत शिरून दोन फाट्यांत विभागतो. 2,935 मीटर उंचीचे माउंट पॅजेट आणि त्याची पर्वतरांग पश्चिमेची वादळे अडविते. म्हणून येथील पाण्यात जहाजांना आसरा मिळतो.

1775 मध्ये कॅप्टन जेम्स कुक या बेटावर उतरला. त्याने सील प्राण्यांविषयी लिहिलेले वृत्त पसरताच शिकारी जहाजांची रीघ लागली. अर्ध्या शतकात येथून किमान 12 लाख कातडी गेली असावीत, असा अंदाज दर्यावर्दी जेम्स वेडेल याने नोंदविला आहे. मोठ्या सीलांची चरबी किनाऱ्यावरच लोखंडी कढयांत कढवीत. 1902 मध्ये आलेल्या स्वीडिश संशोधकांना त्या टाकून दिलेल्या कढया आढळल्या आणि त्यांनी त्या आडोशाच्या खाडीला ‘ग्रिटव्हिकेन’, म्हणजे कढयांची खाडी, असे नाव दिले.

1904 मध्ये नॉर्वेच्या कॅप्टन लार्सन याने ब्यूनोस आयरिस येथील भांडवलावर याच खाडीत देवमाशांच्या तेलाचा कारखाना उभारला. पहिल्या हंगामात शिकारी नौकेला उपसागराबाहेर जाण्याचीही गरज पडली नाही, इतके देवमासे दारातच होते. तेलाला साबण आणि मार्गारिन यांसाठी मोठी मागणी होती. महायुद्धात त्यातील ग्लिसरीन स्फोटकांसाठी वापरले गेले. नफा पाहून इतरही कारखाने आले. 1965 पर्यंत या एका बेटावर 1,75,250 देवमाशांची नोंद झाली. पुढे देवमासेच दुर्मीळ झाले आणि 1966 मध्ये ग्रिटव्हिकेनचा कारखाना बंद पडला. आज तेथे गंजलेल्या टाक्या, एक छोटे चर्च आणि धाडसी प्रवासी शॅकल्टन याची समाधी आहे.

वाचकहो, आपण व्यापारी माणसे. वार्षिक ताळेबंदात नफा दिसत असता मुद्दलच खर्ची पडत आहे, हे ओळखणारी दृष्टी आपल्या वाडवडिलांपाशी होती. त्या कारखान्यांच्या वह्यांत मात्र समुद्रातील मुद्दलाचे खातेच नव्हते.

2020 मध्ये संशोधकांना या बेटाभोवती 23 दिवसांत 55 निळे देवमासे दिसले. संख्या अल्प आहे, तरी आशादायक आहे. निसर्गाने अर्ध्या शतकानंतर पहिली जमा टाकली आहे. आपल्या धंद्यात मुद्दल कोणाचे आणि ते किती उरले, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या पेढीवर बसून विचारावा.