चारही चाकांना ताकद, पण थांबायचे कशाच्या जोरावर?

डिसेंबर २०२४ मध्ये मनालीच्या वर, सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात हिमवृष्टी झाली आणि सुमारे हजार वाहने रस्त्यातच अडकली. शेकडो पर्यटकांना पोलिसांनी बाहेर काढले. त्या दिवसांतल्या चित्रफिती गोंदिया जिल्ह्यातल्या मोबाइलवरही फिरल्या. उंच, दणकट फोर बाय फोर गाडी, ब्रेक दाबलेला, चाके जागच्या जागी थांबलेली आणि तरीही गाडी उतारावरून संथपणे घसरत चाललेली. अनेकांनी ती गंमत म्हणून पाहिली. चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी घसरतेच कशी, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही.

सालेकसा तालुक्यात बर्फ पडत नाही. पण त्या प्रश्नाचे उत्तर दरेकसाच्या चढ-उतारावर आणि धानाच्या बांध्यांमधून जाणाऱ्या प्रत्येक डांबरी रस्त्यावर जुलै-ऑगस्टमध्ये तितकेच लागू पडते.

इंजिनाची ताकद दोन चाकांना द्यायची की चार, हा गाडी पुढे ढकलण्याचा प्रश्न आहे. साध्या पिकअपचे मागचे एक चाक चिखलात रुतले की तेच गरगर फिरते आणि कोरड्या जागेवरचे दुसरे चाक स्वस्थ उभे राहते. मग चाकाखाली तणस, बारदाना, दगड घालावे लागतात. फोर बाय फोरमध्ये ताकद चौघांत वाटली जाते, त्यामुळे गाडी निघते, चढ चढते. ब्रेकचे तसे नाही. ब्रेक स्वस्तातल्या स्वस्त मोटारीतही चारही चाकांना असतातच. म्हणजे थांबण्याच्या बाबतीत महागड्या गाडीला काहीच जास्तीचे मिळालेले नसते, वजन मात्र जास्त असते. वळणावरही तेच. गाडी थांबते आणि वळते ती प्रत्येक चाकाखालच्या तळहाताएवढ्या रबरावर. ते रबर रस्ता किती धरते, एवढाच हिशेब शिल्लक राहतो.

हा हिशेब आकड्यांत मांडता येतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चांगल्या टायरवर, कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यानंतर साधारण २० मीटरमध्ये थांबते. ओल्या डांबरावर त्याच गाडीला ३५ मीटर लागतात, दाबलेल्या बर्फावर ७० आणि काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर १४० मीटर. शिवाय धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात गाडी १६-१७ मीटर पुढे गेलेली असते. वेग ४० वर आणला तर ओल्या रस्त्यावरचे ३५ मीटर १६ वर येतात. वेग एक तृतीयांशाने कमी केला की थांबण्याचे अंतर निम्म्याहून कमी होते. गाडीत बसवलेल्या कुठल्याही यंत्रापेक्षा ही सवलत मोठी आहे, आणि ती फुकट आहे.

जिथे दरवर्षी बर्फ पडतो तिथल्या सरकारांनी हे ओळखून कायदा टायरचा केला, फोर बाय फोरचा नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. जर्मनीत रस्त्यावर बर्फ असताना ते लागतातच. या टायरचे रबर सात अंशांखालीही मऊ राहते, नेहमीचे रबर तेवढ्या थंडीत ताठरते. स्वीडनमध्ये हिवाळी टायरची नक्षी किमान ३ मिलिमीटर खोल असावी लागते. आपल्याकडे मोटारीसाठी ही मर्यादा १.६ मिलिमीटर आहे आणि दुचाकीसाठी ०.८. नोकरी-शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या विदर्भातल्या मुलांना पहिल्याच हिवाळ्यात टायरचे दोन संच बाळगण्याचा खर्च कळतो. (हिवाळ्यात मनालीला जाणाऱ्या इथल्या कुटुंबांसाठी एक सूचना: बर्फात गाडी अडकली तर काचा लावून, इंजिन व हीटर चालू ठेवून झोपू नये. बर्फाने सायलेन्सर बुजला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी येथे बर्फात अडकलेल्या वाहनांत किमान २२ जणांचा जीव गेला. थंडीबरोबर हा वायूही कारणीभूत असल्याचे तेव्हा सांगितले गेले.)

शून्य अंशाजवळचा बर्फ जास्त निसरडा असतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असतो. ओल्या डांबरावरही शत्रू तोच थर असतो. टायरच्या खाचा या थरातले पाणी बाजूला फेकण्यासाठी असतात. नक्षी गेली, टायर गोटा झाला की पाणी जायला जागा उरत नाही. कोरड्या उन्हाळ्यात गोटा टायर बऱ्यापैकी चालतो, म्हणूनच तो मे महिन्यात कुणाला खटकत नाही. पहिल्या पावसाच्या पहिल्या अर्ध्या तासात, सहा महिन्यांची धूळ आणि सांडलेले तेल पाण्यात कालवले जाते तेव्हा तो खटकतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

सालेकसाच्या रस्त्यांवर आणखी एक थर येतो. रोवणीच्या दिवसांत चिखलणीची लोखंडी चाके लावलेले ट्रॅक्टर बांधीतून निघून थेट डांबरावर येतात. चाकांना चिकटलेला चिखल शे-दोनशे मीटर सांडत जातो. धो-धो पाऊस आला तर तो वाहून जातो, पण भुरभुर लागली की रस्त्यावर साबण लावल्यासारखे होते. त्यात रविवारी हाजरा फॉलकडे जाणाऱ्या मोटारसायकलींची गर्दी. रस्ता ओळखीचा नाही, वळणे दाट झाडीतली, आणि टायर कसे आहेत हे पाहण्याची कुणाला सवय नाही.

शहरातल्या वाहनचर्चेत मोटारीचे टायर असतात. इथले खरे वाहन मोटारसायकल आहे. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली, त्यांपैकी ७४ हजार ८९७ दुचाकीवरची होती. दुचाकीचा टायर गोलसर असल्यामुळे तो मोटारीच्या चपट्या टायरसारखा पाण्यावर सहज तरंगत नाही, ही जमेची बाजू. पण मोटारीचे चाक अडकून घसरले तर गाडी सरकते. मोटारसायकलचे पुढचे चाक अडकले की चालक क्षणात जमिनीवर असतो. या भीतीने पुष्कळ जण पुढचा ब्रेक लावतच नाहीत, फक्त पायाचा दाबतात. मग थांबायला लांबचे अंतर लागते आणि मागचे चाक शेपटीसारखे वळवळते. ओल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक एकत्र, हळू दाबत नेणे हेच बरोबर. चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा २०१९ पासून १२५ सीसीवरील दुचाकींना सक्तीची आहे. ग्रामीण भागात सर्वाधिक दिसणाऱ्या १०० ते १२५ सीसीच्या गाड्या त्यातून सुटल्या, त्यांना फक्त दोन्ही ब्रेक जोडणारी सोपी व्यवस्था मिळाली. सर्वच दुचाकींना एबीएस द्यावे असा मसुदा केंद्राने जून २०२५ मध्ये काढला. नियम झाला तरी तो नव्या गाड्यांना लागू होईल. आज गावात धावणाऱ्या गाड्यांचा त्याच्याशी संबंध नाही.

टायरच्या दर्जाबाबतही असेच झाले. ओल्या रस्त्यावरील पकड तपासण्याचे बंधन २०२२ च्या अधिसूचनेने मोटारी, हलकी मालवाहू वाहने आणि ट्रक-बस यांच्या टायरवर आले. दुचाकीचे टायर त्या तीन वर्गांत बसत नाहीत. ज्या वाहनावर सर्वाधिक माणसे मरतात त्याच्याच टायरची ओली पकड या नियमात नसावी, हे धोरण उलटे आहे.

आरोग्याच्या दृष्टीने हा मुद्दा आणखी गंभीर आहे, कारण जंगलालगतच्या टोल्यांसाठी मोटारसायकल हीच पहिली रुग्णवाहिका असते. पावसाळ्याच्या रात्री मण्यार चावली तर १०८ ची गाडी येईपर्यंत थांबण्यापेक्षा रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवून निघणे बरेचदा शहाणपणाचे ठरते. नेपाळच्या तराईत गावोगावी मोटारसायकलस्वार स्वयंसेवक नेमून आणि लोकांना माहिती देऊन सर्पदंशाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. मांत्रिकाकडे वेळ घालवण्यापेक्षा मोटारसायकलवर बसवा, हा सल्ला म्हणूनच योग्य आहे.

पण तिघे बसले की भार मागे जातो, पुढचे चाक हलके होते आणि ओल्या वळणावर हँडल वळवले तरी गाडी सरळ जाऊ पाहते. मागच्या टायरमध्ये एरवीपेक्षा जास्त हवा लागते. किती, ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ज्या गावातून दवाखाना दूर आहे तिथे किमान दोन-तीन गाड्यांचे टायर पावसाळ्याआधी बदललेले असणे, हे प्रतिविषाच्या कुप्या दवाखान्यात असण्याइतकेच गरजेचे मानायला हवे. टायर पाहणे अवघड नाही. खाचांच्या तळाशी लहान आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्या पट्टीच्या पातळीला आली की टायर संपला. बाजूवरचे शेवटचे चार अंक तो कधी बनला ते सांगतात. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी दिसत असली तरी इतके जुने रबर कडक झालेले असते. चिखलात बटण टायर चांगला, पण ओल्या डांबरावर त्याची पकड साध्या टायरपेक्षा कमी पडते, कारण रस्त्याला टेकणारे रबरच कमी असते.

घसरून पडलेल्यांत गळपट्टीचे हाड, मनगट आणि डोके यांना मार बसतो. चिखलातली जखम साबण-पाण्याने भरपूर धुऊन धनुर्वाताची सुई घ्यावीच. डोक्याला मार लागून माणूस उठून बसला, बोलू लागला, एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. कवटीच्या आत रक्तस्राव होत असेल तर काही तास तो ठीक दिसतो आणि मग गुंगीत जातो. वाढती डोकेदुखी, उलटी, झोप अनावर होणे यांपैकी काहीही दिसले तर गोंदियाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता धरावा.

दुर्गम भागांना फोर बाय फोर रुग्णवाहिका द्या, अशी मागणी अधूनमधून पुढे येते. कच्च्या चढावर तिचा उपयोग आहे, मागणी रास्त आहे. फक्त तिच्याबरोबर येणारा आत्मविश्वास पुरात नेतो. रपट्यावरून पाणी वाहत असताना चारही चाकांची ताकद चाकांवर वजन असेपर्यंतच चालते. सुमारे ३० सेंटिमीटर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते आणि ६० सेंटिमीटर वाहते पाणी जड गाडीही घेऊन जाते. तरंगणाऱ्या गाडीला टायर कुठलाही असो, सारखाच.

राज्यात १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. रुग्णवाहिकेत प्राणवायूची नळी, औषधे, उपकरणे यांची तपासणी होते, ती व्हायलाच हवी. त्याच तपासणी यादीत चारही टायरच्या नक्षीची खोली आणि हवेचा दाब यांना एक ओळ दिली, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मोजून आकडा लिहिला, तर खर्च फक्त एका साध्या मापकाचा आहे. मर्यादाही १.६ मिलिमीटरची न ठेवता पावसाळ्यापुरती ३ मिलिमीटर धरावी. दरेकसा ते सालेकसा आणि पुढे आमगावमार्गे गोंदिया हा रात्रीचा, पावसातला प्रवास करणाऱ्या गाडीत मागे झोपवलेल्या बाळंतिणीला पट्टा असतो, पण चालकाला ब्रेक किती जोरात दाबता येईल हे त्या ३ मिलिमीटरवर ठरते.