दिवे कोण लावणार?

डिसेंबर २०२३ मध्ये विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला होता. सारथी संस्थेने लाभार्थी विद्यार्थ्यांची संख्या २०० वर मर्यादित का केली, हा प्रश्न विचारला गेला आणि उत्तराच्या ओघात, पीएच.डी. करून हे विद्यार्थी असे काय दिवे लावणार आहेत, असा प्रतिप्रश्न तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी केला. त्यावर व्हायचा तो गदारोळ झाला, वृत्तवाहिन्यांना दोन दिवसांचे खाद्य मिळाले आणि अधिवेशनाबरोबर विषयही संपला. वास्तविक तो उद्गार एका नेत्याचा नव्हताच. एम.ए. झालेली मुलगी पुढे प्रबंध लिहायचा म्हणते तेव्हा ठाण्या-पुण्यापासून लातूर-अकोल्यापर्यंत हजारो सुशिक्षित घरांत हाच प्रश्न थोड्या सौम्य शब्दांत विचारला जातो. 'मग नोकरी कधी?' आणि 'लग्नाचे काय?' ही त्याची घरगुती रूपे. मुलगा संगणक अभियंता होऊन परदेशी गेला तर सत्यनारायण घालणारे घर, त्याच मुलाने मोडी शिकून पेशवे दप्तरातील कागद वाचण्यात पाच वर्षे घालवायची ठरवली तर चिंतेत पडते. त्या घराला दोष देता येत नाही. परंतु हेच घर फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' पाहून डोळे पुसत बाहेर पडले होते, हेही विसरता येत नाही.

त्या अश्रूंमागे काय आहे, हे पाहण्यासारखे आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने मल्हार रामराव चिटणीसाने बखर लिहिली आणि तिच्यातील विकृत चित्र पुढच्या नाटककारांनी अधिकच रंगवले. व्यसनी, उतावीळ, बापाच्या पुण्याईवर पाणी सोडणारा पुत्र, हीच प्रतिमा मराठी मनावर पिढ्यान्‌पिढ्या बिंबली होती. ती एखाद्या आंदोलनाने पुसली गेली नाही. वा. सी. बेंद्रे यांनी देशोदेशीची दप्तरे धुंडाळून सिद्ध केलेला चरित्रग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. त्यापाठोपाठ डॉ. कमल गोखले यांनी हाच विषय पीएच.डी.साठी घेतला आणि त्या अभ्यासातून 'शिवपुत्र संभाजी' हा ग्रंथ मराठी वाचकांच्या हाती आला. तारखांची जुळणी करायची, फार्सी, पोर्तुगीज, इंग्रजी साधने ताडून पाहायची आणि बखरकाराचा कोणता दावा कोणत्या पत्रासमोर टिकत नाही, हे एकेक करून दाखवायचे, असे ते रूक्ष काम होते. कादंबरी, नाटके, मालिका आणि चित्रपट हे सारे त्यानंतरचे. पीएच.डी. करून काय दिवे लागतात याचे एक उत्तर इतके जवळ आहे.

दुसरे उत्तर बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात धाडले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा प्रबंध पुढे १९२५ मध्ये ग्रंथरूपाने आला, तो सयाजीरावांनाच अर्पण केलेला आहे. लंडनला सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध तर परीक्षकांच्या आक्षेपांमुळे त्यांना पुन्हा लिहावा लागला, कारण साम्राज्याच्या आर्थिक धोरणावरील त्यातली टीका झोंबणारी होती. निष्कर्ष मात्र त्यांनी बदलले नाहीत. राज्यघटनेच्या शिल्पकाराची घडण या दोन प्रबंधांत झाली आहे. मधल्या काळात, १९१७ मध्ये, त्यांचे सामान घेऊन येणारी बोट पाणतीराने बुडाली आणि पुस्तके-कागद समुद्रतळाशी गेले, तरी हा विद्यार्थी पुन्हा बसला, हेही नव्या संशोधकांना सांगायला हवे.

निष्कर्षाशी प्रामाणिक राहण्याचे धैर्य म्हणजे काय, हे बर्लिनमध्ये एका मराठी विद्यार्थिनीने १९२० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले. इरावती कर्वे यांना त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांनी कवट्यांच्या असममितीचा विषय दिला. गोऱ्या वंशाच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाला हाडांचा पुरावा मिळावा, ही त्यामागची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी मोजमापे घेतली आणि वंशाचा व असममितीचा असा काही संबंध आढळत नाही, असे लिहून दिले. परका देश, परकी भाषा, समोर वंशशास्त्रातील बडे नाव आणि हातात परतीच्या प्रवासापुरते पैसे असलेली विद्यार्थिनी! मार्गदर्शकाच्या मनातला निष्कर्ष ओळखून प्रबंध लिहिणाऱ्या आजच्या उमेदवारांपुढे हे चित्र टांगून ठेवावे.

कमला सोहोनी यांची गोष्ट याच काळातील. मुलगी म्हणून बंगळुरूच्या संस्थेत प्रवेश नाकारणाऱ्या सी. व्ही. रामन यांच्यापुढे त्या अडून बसल्या, प्रवेश मिळवला आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन आल्या. वनस्पतींतील सायटोक्रोम सी या द्रव्यावरचा त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. आपल्याकडे वजनकाट्यावर प्रबंध ठेवण्याची रीत कुठून आली, कोण जाणे.

या परंपरेच्या उजेडात आजचे चित्र पाहावे लागते आणि ते सुखद नाही. संख्येची अडचण नाही. अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये देशात १ लाख १७ हजार विद्यार्थी पीएच.डी.साठी नोंदलेले होते. २०२१-२२ मध्ये ते २ लाख १२ हजारांवर गेले. 'शोधगंगा' या राष्ट्रीय संग्रहात लाखो प्रबंध घरबसल्या पाहता येतात आणि ही सोय खरोखरच मोलाची आहे, कारण पूर्वी प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात गेला की वाळवीखेरीज त्याला वाचक नसे. आता तो कोणालाही उघडता येतो. आणि उघडल्यावर काय आढळते? मराठी विभागात 'अमुक लेखकाच्या कादंबऱ्या : एक चिकित्सक अभ्यास' या साच्यातले प्रबंध एकामागून एक निघाले आहेत. लेखक बदलतो, प्रकरणांची नावे तीच राहतात. समाजशास्त्रात शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, तिचे तक्ते करायचे, टक्केवारी काढायची आणि 'स्त्रीशिक्षणाचा कुटुंबावर अनुकूल परिणाम होतो' असे पहिल्या दिवशीच ठाऊक असलेले सत्य शेवटच्या पानावर लिहायचे, ही पद्धत रूढ झाली आहे. विज्ञानशाखांची दशा निराळी. तिथे विषय असतो, बुद्धी असते. पण मागवलेले रसायन महिनोन्‌महिने येत नाही, उपकरण बंद पडले तर दुरुस्तीचा निधी नसतो आणि जिल्ह्याच्या ठिकाणचा विद्यार्थी नमुने तपासून घेण्यासाठी पदरमोड करून पुण्या-मुंबईच्या फेऱ्या मारतो.

ही अवनती आपोआप झालेली नाही. २००९ च्या नियमावलीने प्रबंध सादर करण्यापूर्वी किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असावा, अशी अट घातली. २०१० पासून प्राध्यापकांची पदोन्नती गुणांकांशी जोडली गेली. हेतू चांगले होते. फळ असे आले की पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार देशभर फोफावला. त्याला आळा घालण्यासाठी मान्य नियतकालिकांची यादी करण्याचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाकडे आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ती यादीही बंद केली. प्रसिद्धीची सक्ती त्याआधीच, २०२२ च्या नियमावलीने काढून टाकली होती. वाङ्मयचौर्यासाठी २०१८ मध्ये स्वतंत्र नियम झाले. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आणि त्यापुढे पायरीपायरीने शिक्षा, असा तो हिशोब आहे. संगणक शब्दांचे साम्य मोजतो. इंग्रजी ग्रंथातले प्रकरण मराठीत उतरवून स्वतःच्या नावावर खपवणाऱ्यापुढे हे मोजमाप बहुधा हतबल ठरते. ते पकडायला दोन्ही ग्रंथ वाचलेला मार्गदर्शक लागतो.

आणि मार्गदर्शक कुठून आणायचा? अनुदानित महाविद्यालयांत वर्षानुवर्षे पदे भरली जात नाहीत आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, सुट्टीत मानधनही न मिळणाऱ्या अध्यापकाकडून विद्याव्यासंगाची अपेक्षा करणे हा त्याचा अपमान आहे. निवड झालेल्या कनिष्ठ संशोधकाला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये अधिछात्रवृत्ती आहे. ज्यांना ती मिळते त्यांचीही रक्कम कित्येकदा रखडते आणि ज्यांना मिळत नाही त्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. संशोधन आणि विकासावरचा देशाचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटींचे उद्दिष्ट ठेवले आहे, त्यातील मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून अपेक्षित आहे. उद्योगपतींनी हात सैल सोडला तर बरेच होईल.

तथापि शासनाला बोल लावून राष्ट्रीय विचारांच्या समाजाची सुटका होत नाही. देशाचा इतिहास डाव्या मंडळींनी लिहिला, संस्था बळकावल्या, हिंदू समाजाचे चित्र परकीय चष्म्यातून रंगवले, ही तक्रार पाच दशके ऐकू येते आणि ती निराधार नाही. पण त्या मंडळींनी वाचनालयांत बसून पुस्तके लिहिली, विद्यार्थी घडवले, त्या विद्यार्थ्यांना पदांवर बसवले. २०१४ पासून केंद्रात अनुकूल सत्ता आहे. संस्थांचे अध्यक्ष बदलले, समित्या बदलल्या, अभ्यासक्रमही बदलत आहेत; परंतु अध्यक्षाच्या नियुक्तिपत्राने ग्रंथ निर्माण होत नाही. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर झालेला हल्ला ज्यांना आठवतो, त्यांना हे अधिक सांगायला नको. एका परदेशी लेखकाच्या पुस्तकावरील रागापोटी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारी वास्तू उद्ध्वस्त करण्यात आली. त्या पुस्तकातील आक्षेपार्ह मजकुराला कपाटे फोडून उत्तर मिळाले नाही. शिवचरित्राला खरी सेवा मिळाली ती गजानन मेहेंदळे यांच्यासारख्यांकडून. अनेक भाषा शिकून, मंडळातल्या कागदांत आयुष्य घालवून ते सप्टेंबर २०२५ मध्ये गेले. त्यांच्या जागी बसायला किती तरुण तयार आहेत?

भारतीय ज्ञानपरंपरेच्या नावाने २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर जे उत्साहाचे वारे वाहत आहे, त्यासंबंधीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. १८९६ मध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' मराठीत लिहिले. आपल्या पूर्वजांनी काय शोधले आणि काय बाहेरून घेतले, हे त्या शिक्षकाने गणित मांडून दाखवले. याउलट मुंबईत जानेवारी २०१५ च्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. ज्या 'वैमानिक शास्त्रा'वर ही सगळी भिस्त असते, ते विसाव्या शतकातच रचले गेले असल्याचे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले होते. अशा निबंधांनी आर्यभट आणि भास्कराचार्यही हास्यास्पद ठरतात, याचे भान स्वकीयांनीच ठेवायला हवे.

हरिभाऊ वाकणकरांची वाट वेगळी होती. १९५७ साली आगगाडीच्या खिडकीतून भोपाळजवळचे खडक पाहून हा स्वयंसेवक मधेच उतरला आणि भीमबेटकाच्या चित्रित गुंफा जगापुढे आल्या. नाव झाले, तरीही, वयाची पन्नाशी उलटल्यावर, शैलाश्रयांतील चित्रांवर त्यांनी रीतसर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. सरस्वती नदीच्या लुप्त पात्राच्या शोधार्थ त्यांनी १९८५ मध्ये मोहीम काढली, ती या शिस्तीनंतर. शाखेवर त्यांच्या कथा सांगितल्या जातात, पण त्या प्रबंधाचा उल्लेख क्वचितच होतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. पेशवे दप्तरातील कोट्यवधी मोडी कागदांपैकी रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात निवडून ४५ खंड काढले. उरलेले रुमाल बव्हंशी वाचकाची वाट पाहत आहेत. गावोगाव स्वयंसेवकांनी उभारलेल्या पतसंस्था, बँका आणि न्यास आहेत. मंदिरांचे कळस, सभागृहे, रुग्णवाहिका यांसाठी त्या हात आखडता घेत नाहीत. प्रत्येक मोठ्या संस्थेने एका संशोधक विद्यार्थ्याचा चार वर्षांचा भार उचलला, मग तो मोडीचा असो, भूजलाचा असो वा गिरणगावाच्या अर्थकारणाचा, तर त्यासाठी लागणारी रक्कम वार्षिक स्नेहसंमेलनाच्या खर्चाहून फार अधिक नसेल. विषय आणि निष्कर्ष विद्यार्थ्यावर सोडावा. दर सहा महिन्यांनी त्याने सभासदांपुढे येऊन आपले काम समजावून सांगावे. बडोद्याच्या करारात आंबेडकरांना दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट होती, प्रबंधात काय लिहावे याची नव्हती. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत भरतात. विषयपत्रिका त्याआधी निघते, तेव्हा सभासदांनी हा ठराव संचालकांकडे वेळेत द्यावा.